साल आणि गाभा

ट्रायल्सच्या, म्हणजे दगड-चढांवरून पाय न टेकता सावकाश गाडी काढायच्या खेळाच्या, दोन मोटरसायकली एकाच झाडाखाली, इंजिनखाली खोका देऊन उभ्या केलेल्या होत्या. कंपनी एक, नाव एक, इंजिन दोन्हींचं २५० सीसीचं. एक २०१२ ची, दुसरी २०१७ ची. घेणाऱ्याने आधी कागद पाहिले आणि सरळ नव्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. सोबत आलेल्या जाणत्या माणसाने कागदांना हात लावला नाही. तो वाकला, नव्या गाडीच्या मागच्या टायरखाली तळवा घातला आणि चाक हलकेच वर उचललं. टक्. शॉकची स्प्रिंग दबायला लागण्याआधीच चाक दोन-तीन मिलिमीटर मोकळं वर आलं आणि लोखंडाला लोखंड लागल्याचा बारीक, कोरडा आवाज झाला. मग त्याने जुन्या गाडीचं चाक तसंच उचललं. आवाज नाही. चाक हललं त्याच क्षणी स्प्रिंगही हलली. घेणारा गोंधळून म्हणाला, "पण ही पाच वर्षांनी नवी आहे ना?" त्यावर कोणी काही बोललं नाही. तो टक् मात्र तेव्हापासून कानात राहिला आहे.

ट्रायल्सची गाडी घ्यायला निघालेला प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, की कोणत्या सालची घेऊ? प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर एका आकड्यात मिळेल असं वाटतं, तिथे फसगत होते. मराठीत 'ते साल' म्हणजे वर्ष आणि 'ती साल' म्हणजे झाडाच्या अंगावरचं आवरण. गाडी पाहताना हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. कागदावरचं साल हे बहुतेक वेळा गाडीची साल असतं, वरून दिसणारं. आत काय आहे ते वेगळं शोधावं लागतं, आणि ते शोधायची रीत ठरलेली आहे.

पहिली गोष्ट अशी, की या गाड्या दर वर्षी बदलत नाहीत. रंग बदलतो, स्टिकर बदलतात, हँडलचा बाक थोडा बदलतो, फोर्क किंवा ब्रेक दुसऱ्या कंपनीचे येतात. गाभा, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी, दहा-दहा वर्षं तोच राहतो. गॅस गॅस या स्पॅनिश कंपनीची टीएक्सटी प्रो २००२ साली आली आणि तिच्या इंजिनाची मूळ मांडणी पुढे दीड दशकाहून जास्त काळ टिकली. बीटाची इव्हो २००९ ची; त्याआधी रेव्ह-३ होती. मोंटेसाची कोटा ३१५आर १९९७ पासून २००४ पर्यंत चालली, टू-स्ट्रोक. २००५ साली तिची जागा कोटा ४आरटीने घेतली आणि एका वर्षात सगळंच पालटलं, फोर-स्ट्रोक आणि फ्युएल इंजेक्शन, तेही बॅटरीशिवाय. २०१४ मध्ये त्याच गाडीला २६० चं इंजिन मिळालं. टीआरआरएस ही कंपनी तर आलीच २०१६ च्या सुमाराला. म्हणजे बीटा घ्यायची तर २००८ आणि २००९ यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढं २००९ आणि २०१५ यांच्यात नाही. ज्याला दोन सालांतला फरक विचारायचा आहे त्याने आधी हे विचारावं, की या दोघींमध्ये पिढीची सीमा येते का? येत नसेल तर ती तीन-चार वर्षं पैशांच्या हिशेबात मोजावीत, गाडीच्या हिशेबात नाहीत.

सीमेच्या अगदी पहिल्या वर्षाबद्दल मात्र जपून राहावं. नव्या पिढीची पहिली गाडी देखणी असते आणि तिच्यातली दुखणी अजून कोणालाच ठाऊक नसतात, बनवणाऱ्यालाही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखादा गिअर थोडा जाड होतो, वॉटर पंपाच्या शाफ्टचा धातू बदलतो, किकच्या आतल्या मधल्या गिअरला वेगळी उष्णताप्रक्रिया मिळते. याची जाहिरात कोणी करत नाही. ते कळतं पार्टच्या यादीवरून. दोन सालांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात आणि इंजिनच्या आतल्या भागांचे क्रमांक ओळीने ताडून पाहावेत. क्रमांक बदलला की समजावं, तिथे काहीतरी दुखत होतं. मग दुसरा प्रश्न, तो बदललेला भाग आधीच्या सालच्या गाडीत जसाच्या तसा बसतो का? बसत असेल तर जुनं साल घ्यायला हरकत नाही, दुरुस्तीच्या वेळी सुधारलेला भाग घालता येतो. बसत नसेल तर ती सीमा खरी आहे आणि तिच्या नंतरचीच गाडी घेतलेली बरी. एक संध्याकाळ याद्या वाचण्यात गेली तर गाडीबद्दल जे कळतं ते दहा मतं ऐकून कळत नाही.

याद्यांचा आणखी एक उपयोग आहे, भाग मिळतात का ते कळतं. ट्रायल्सच्या कंपन्या लहान असतात आणि त्यांचं नशीब पटकन फिरतं. ओसा हे जुनं नाव नव्याने उभं राहिलं आणि त्यांची टीआर२८०आय फार धाडसाची गाडी होती, सिलिंडर उलटा फिरवलेला, हवा पुढून आत घेणारी, इंजेक्शनवर चालणारी. २०१४ साली ओसा गॅस गॅसमध्ये विलीन झाली आणि लवकरच ते नाव थांबलं. स्कोर्पाची एसवाय२५० यामाहाच्या टीवायझेडच्या इंजिनावर होती; पुढे स्कोर्पा शेर्कोच्या हाती गेली. गॅस गॅसवरही २०१५ मध्ये दिवाळं निघायची पाळी आली होती, पण कंपनी दुसऱ्यांनी घेतली, इंजिन तेच चालू राहिलं आणि जुन्या गाड्या अनाथ झाल्या नाहीत. अशा एकट्या पडलेल्या गाडीचं मला फार आकर्षण वाटतं, ते लपवण्यात अर्थ नाही. तिच्यात एक हट्टी, सुंदर विचार असतो. पण एकच गाडी असणाऱ्याने ती घेऊ नये. तुटलेल्या एका झाकणासाठी पूर्ण मोसम वाया जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट. गाडीच्या अंगावर एकच साल लिहिलेलं नसतं.

कागदावरचं साल बहुधा नोंदणीचं असतं. पुढच्या वर्षाची गाडी आदल्या वर्षीच बाजारात येते, आणि खप कमी झाला तर मागच्या वर्षाची गाडी दुकानात तशीच उभी राहते, म्हणून नोंदणीचं साल आणि मॉडेलचं साल एका वर्षाने, कधी दोन वर्षांनीही वेगळं निघतं. हँडलच्या मानेवर कोरलेला सतरा खुणांचा चासी नंबर वाचावा. त्यातली दहावी खूण बऱ्याच कंपन्या मॉडेलच्या सालासाठी वापरतात. २००९ ला आकडा नऊ, २०१० पासून इंग्रजी अक्षरं सुरू होतात, ए म्हणजे २०१०, सी म्हणजे २०१२, एच म्हणजे २०१७. आय, ओ आणि क्यू वगळतात, म्हणून एचनंतर थेट जे, म्हणजे २०१८. सगळ्या देशांत ही खूण सक्तीची नाही, त्यामुळे कंपनीच्या यादीशी ताळा करून घ्यावा. कोरलेले आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत ना आणि त्यांच्याभोवती घासल्याच्या खुणा नाहीत ना, हेही बोट फिरवून पाहावं.

मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. २०१७ च्या गाडीवर २३१६ दिसला तर तो बहुतेक कारखान्यातूनच आलेला टायर आहे, म्हणजे गाडी फार चालली नाही. किंवा इतकी वर्षं कडक झालेल्या रबरावरच ओढली गेली. यातलं काय खरं ते रबराच्या खुब्यांच्या कडा सांगतात. कडा धारदार आणि रबर नखाला न दबणारं, तर गाडी उभी राहिलेली. कडा गोल झालेल्या, तर चाललेली. एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं, झाकण काढलं की आतल्या प्लॅस्टिकवर घड्याळाच्या तबकडीसारखा एक लहान गोल सापडतो, मधे दोन आकडे आणि एक बाण. आकडे वर्षाचे, बाण महिन्याचा. तो भाग साच्यातून कधी निघाला ते तिथे लिहिलेलं आहे. २०१७ च्या गाडीवर मागचा मडगार्ड २०२१ चा निघाला तर त्यात वाईट काही नाही, गाडी पडतेच. पण काय काय बदललं ते विचारायला धागा मिळतो. ब्रेकच्या होजवरही बारीक छापलेली तारीख असते. असं एकेक साल वाचत गेलं की गाडीचा खरा इतिहास तुकड्यातुकड्याने जुळतो. हे काम मला फार आवडतं. कागद एकदाच लिहिला जातो, गाडी मात्र वापरणाऱ्याच्या हाताखाली रोज थोडी थोडी लिहिली जाते.

किलोमीटर विचारण्यात अर्थ नाही. ही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस उभा राहून, चालण्याच्या वेगाने चालवतात. दिवसभर दगडांवर चढून-उतरूनही अंतर फार होत नाही, आणि इंजिन दमतं ते तासांनी. त्याहून वाईट म्हणजे गाडीला झिजवतं ते चालवणं कमी आणि धुणं जास्त. मागचं लिंकेज, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म आणि शॉक यांना जोडणारे सांधे, इंजिनच्या मागे, स्विंगआर्मच्या खाली, चिखलाच्या सगळ्यात जवळ असतं. त्यात नीडल बेअरिंग असतात, पेन्सिलीच्या शिसाइतक्या बारीक पोलादी रोलरची ओळ. कारखान्यातून येताना त्यात ग्रीस पुरेसं असेलच असं नाही. मग कोणीतरी प्रेमाने, दर वेळी, प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारतो. पाणी सीलच्या ओठावरून आत शिरतं आणि बाहेर यायची वाट त्याला नसते. गाडी बाहेरून चकचकीत आणि आत रोलर लाल होत जातात. त्या २०१७ च्या गाडीची प्लॅस्टिकं आरशासारखी होती. २०१२ वालीच्या स्विंगआर्मवर सुकलेल्या मातीचे ठिपके होते आणि लिंकेजच्या सांध्यातून ताज्या ग्रीसची बारीक कड बाहेर आलेली होती. तेवढी कड पुरेशी होती, पण ती दिसायला गुडघे टेकावे लागतात.

गाडी पाहायला जाण्याआधी एकच विनंती करावी, की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर सिलिंडरला हात लावावा. गरम असेल तर सकाळची थंड किक लपवली जात असण्याची शक्यता आहे. अर्धा तास थांबावं किंवा परत यावं. धडधाकट टू-स्ट्रोक चोक ओढून दोन-तीन किकमध्ये उठते. ४आरटीचा स्वभाव वेगळा आहे. तिच्या इंजेक्शनला वीज किकमधूनच मिळते, म्हणून घाईच्या अर्धवट किका उपयोगाच्या नाहीत. थ्रॉटल बंद ठेवून, पायाखाली दाब जाणवेपर्यंत किक खाली आणायची आणि तिथून एक सलग, पूर्ण किक. ज्याला हे माहीत नसतं तो चांगल्या गाडीला नावं ठेवून परततो.

चालू करण्याआधीच लोखंड तपासून घ्यावं. गाडी बॅश प्लेटखाली, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या संरक्षक पत्र्याखाली, खोका देऊन उचलायची, दोन्ही चाकं अधांतरी. मागचं चाक खालून वर उचलायचं, तोच तो टक्. आवाज आला तर एक बोट लिंकेजच्या एकेका सांध्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक हलवत राहायचं. ज्या सांध्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे तिथे बोटाला ठोका जाणवतो. शॉकचा खालचा डोळा, रॉकर आणि जोडपट्ट्या हे सगळे वेगवेगळे सांधे आहेत आणि सगळेच एकदम गेलेले असतात असं नाही. मग चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवायचं. स्विंगआर्मही चाकाबरोबर हलला तर त्याच्या पिव्हटची बेअरिंग गेली. स्विंगआर्म स्थिर राहून नुसतं चाक डुललं तर चाकाची. पुढे हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सावकाश फिरवायचं. अगदी मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर मानेच्या बेअरिंगच्या वाट्यांत खड्डे पडले आहेत. फोर्कच्या नळ्यांवर नख उभं फिरवायचं. जिथे नख अडकेल तिथे सील फाटणार, आज नाही तर पुढच्या महिन्यात.

बॅश प्लेटचे बोल्ट काढायची परवानगी मागावी. चांगला विकणारा नाही म्हणत नाही. ती प्लेट दगडांवर आपटून आपटून वर चेपते आणि शेवटी क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचाला, टेकते. मधली रबराची गादी गेलेली असेल तर प्रत्येक आपटणं थेट केसला मिळतं. तिथे केसाएवढी रेघ आणि तेलाचा ओलावा दिसला तर गाडी तिथेच सोडावी. पाय ठेवायच्या पेगच्या ब्रॅकेटखाली चासीला वेल्डिंग केलेलं आहे का पाहावं. गॅस गॅस आणि शेर्कोच्या चासी पोलादी नळ्यांच्या, त्या नीट जोडता येतात. बीटा इव्हो आणि मोंटेसाच्या ॲल्युमिनियमच्या. इव्होत तर पेट्रोलही चासीच्या पोकळीतच भरतात, म्हणून तिथली चीर ही नुसती चीर राहत नाही. एअर फिल्टर काढून त्याची आतली बाजू, इंजिनकडची, बोटाने पुसायची. तिथे बारीक रेतीचा खरखरीतपणा लागला तर पिस्टन आणि सिलिंडरने ती रेती खाल्लेली आहे, मग साल कुठलंही असो.

आता इंजिन. गिअर ऑइल थोडं काढून पाहायचं. दुधाळ असेल तर वॉटर पंपाचं सील गेलेलं. सील स्वस्त असतं, पण त्याच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडलेली असेल तर नवं सीलही टिकत नाही, शाफ्टसकट बदलावं लागतं. फ्लायव्हीलचं झाकण तीन-चार बोल्टचं असतं. ते काढून फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबायचं. जाणवेल असा ठोका असेल तर मेन बेअरिंग गेलेली, म्हणजे इंजिन पूर्ण उघडणं आलं. मग गाडी चालू करून रेडिएटरचा फॅन सुरू होईपर्यंत तशीच उभी ठेवायची. फॅन सुरू झाला, थोड्या वेळाने बंद झाला, पुन्हा सुरू झाला तर ठीक. वीस मिनिटं चालवून बंद करायची, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा किक मारायची. थंड असताना सहज उठणारी गाडी गरम झाल्यावर उठेनाशी झाली तर वीज बनवणाऱ्या स्टेटरची कॉइल मरायला लागलेली असते. हा दोष थंड तपासणीत कधीच सापडत नाही, आणि विकायला काढलेल्या पुष्कळ गाड्या याच एका कारणाने विकायला काढलेल्या असतात.

क्लचबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ट्रायल्समध्ये डाव्या हाताच्या एका बोटावर सगळं चालतं. थंड इंजिनावर लिव्हर दाबून पहिला गिअर टाकला की बऱ्याच गाड्या पुढे उडी मारतात; प्लेट तेलाने चिकटलेल्या असतात. बंद गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून मागे-पुढे ढकलली की त्या सुटतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण इंजिन गरम झाल्यावरही गाडी ओढत असेल तर क्लच उघडून बघायला हवा. कधी लिव्हरच्या सिलिंडरमध्ये हवा असते. कधी कोणीतरी चुकीचं तेल भरलेलं असतं. क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये काही गाड्यांना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट ४ हे ब्रेकचं तेल. मिनरल ऑइलच्या जागी डॉट ४ गेलं की रबरं फुगतात, म्हणून लिव्हरपाशी असलेल्या तेलाच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचायचं आणि आत काय आहे ते विचारायचं. गॅस गॅस प्रोच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या क्लचमध्ये प्लेटच्या थप्पीची एकूण जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने इकडेतिकडे झाली तरी लिव्हर जड होते किंवा क्लच घसरतो. घसरतो का ते पाहायला वरच्या गिअरमध्ये हळू चालवत थ्रॉटल पूर्ण उघडायचा. आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर उत्तर मिळालं.

किती सीसीची, हाही सालाइतकाच गाजलेला प्रश्न. नव्याने उभं राहून चालवायला शिकणाऱ्याने ३०० घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. ३०० चं इंजिन थ्रॉटलच्या एका मिलिमीटरला जे उत्तर देतं ते पेलायला हात आधी स्थिर असावा लागतो. दगडावर चढताना मनगट नकळत मागे ओढलं जातं आणि गाडी माणसाला सोडून जाते. २५० पुष्कळ झाली. १२५ ला जोर क्लचने आणि रेसने काढावा लागतो, हलक्या अंगाच्या तरुणाला ती उत्तम शिकवते. सालाचा संबंध इथेही येतो. जागतिक स्पर्धेत २०१३ पासून गाडी थांबली की दंडाचे पाच गुण पडू लागले. उड्या मारत जागेवर वळण्याच्या कौशल्यासाठी तीक्ष्ण इंजिनं लागत होती; न थांबता वाहत जाण्यासाठी मऊ, खालून ओढणारं इंजिन हवं. अलीकडच्या गाड्यांत ओल्या दिवसासाठी इग्निशनचा सौम्य नकाशा, म्हणजे इंजिनाला मवाळ करणारी ठिणगीची मांडणी, बटनावर मिळतो, हा नव्या सालाचा एक खरा फायदा. जुन्या गाडीलाही सावकाश उघडणारा थ्रॉटल ट्यूब आणि फ्लायव्हीलवर चढवायचं जादा वजन देऊन बरंचसं तसं वागवता येतं.

घेतल्यावरचा पहिला आठवडा कसा जाईल तेही आधीच धरून ठेवावं. गिअर ऑइल, कूलंट, ब्रेकचं तेल आणि एअर फिल्टर हे सगळं, विकणाऱ्याने काल बदललं असं सांगितलं तरी, पुन्हा. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल साधारण १.२५ ते १.५ टक्के, म्हणजे पाच लिटरला ६२ ते ७५ मिली, चांगलं सिंथेटिक. पण आधीचा मालक कोणत्या प्रमाणाने चालवत होता ते विचारायचं, कारण कार्ब्युरेटरचे जेट त्या हिशेबाने लावलेले असू शकतात. मागच्या टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय, पुढे सहा-सात. पंपाच्या नेहमीच्या मीटरवर एवढी कमी हवा नीट वाचता येत नाही, कमी दाबाचं वेगळं मीटर घ्यायचं. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायची. सायलेन्सरच्या मधल्या डब्यातली भरण तेलाने माखून गच्च झालेली असते, आणि इंजिन म्हातारं झालं असं ज्याला वाटतं ते कधीकधी फक्त या डब्याचं बंद झालेलं नाक असतं. गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा या सगळ्यासाठी बाजूला ठेवला तर नव्या सालामागे धावताना हात आपोआप थोडा मागे येतो.

आणि तरीही नव्या गाडीची ओढ खोटी नाही. नवं प्लॅस्टिक, न घासलेले पेग, पहिल्या किकला उठणारं इंजिन, यांचा आनंद कुठल्याही यादीत मावत नाही. एवढं सगळं तपासायला शिकलं की गाडी पाहताना पहिला जो उमाळा असतो तो थोडा कमी होतो, हे खरं आहे आणि त्याचं वाईटही वाटतं. हात आधी चाकाखाली जातो, डोळे नंतर रंगाकडे. कधीकधी सगळं नीट निघतं, एकही टक् नाही, आणि गाडी मनात भरत नाही. कधी उलट. दोष माहीत असून घेतलेली गाडी ही फसवणूक नव्हे. तो सौदा आहे, त्यात दोषाची किंमत वजा झालेली असते. फसवणूक होते ती न वाजवता घेतलेल्या गाडीत.

म्हणून झाडाखालच्या त्या २०१७ च्या गाडीला कोणी नाकारावं असं नाही. तिचा टक् बरा होणारा आहे. मागचं चाक काढायचं, लिंकेज सोडायचं, लाल झालेले रोलर डिझेलने धुऊन पाहायचे. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, त्यावरून किंवा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून नवी आणायची. जुनी बाहेर काढताना हातोडा नाही. व्हाइस आणि मापाचा सॉकेट, सावकाश दाबत. नवी बसवण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची, ज्या भागात बसवायची तो कोमट करायचा आणि ज्या बाजूला अक्षरं कोरली आहेत त्याच बाजूने दाबायचं, कारण ती कड कठीण असते. पाण्याला न सुटणारं ग्रीस रोलरच्या फटीफटीत भरायचं, बोल्टच्या दांड्यालाही लावायचं. सीलचा ओठ बाहेरच्या बाजूला. स्विंगआर्मचा लांब बोल्टही त्याच बैठकीत बाहेर काढून पुसून, ग्रीस लावून परत घालायचा. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या केसमधून आरपार जातो. पोलाद आणि ॲल्युमिनियम पाण्यात वर्षानुवर्षं एकत्र राहिले की एकमेकांना घट्ट धरतात. मग आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल, सकाळी थोडी ऊब, आणि ठोकण्याआधी पान्याने फिरवून पाहणं. तो फिरला की निम्मं जिंकलं. नाही फिरला तर स्विंगआर्म आणि चासीच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालायची वेळ येते, आणि तो दिवस लांब असतो. एरवी हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे, आणि मग चाक उचललं की काही ऐकू येणार नाही. बोल्ट निघाला तर.